रोज दहा मिनिटं, एकच विषय: कॉलेजला जाणाऱ्या मुलांना इंग्रजी बोलतं कसं करायचं?

बारावीपर्यंत उर्दू किंवा मराठी माध्यमात शिकलेली आपली मुलं-मुली कॉलेजला जातात आणि पहिल्याच महिन्यात वर्गात गप्प होतात. ही मुलं ढ नसतात. दहावीला इंग्रजीत चांगले मार्क असतात, स्पेलिंग पाठ असतं, व्याकरणाच्या गाळलेल्या जागा भरता येतात. पण सरांनी उभं करून ‘व्हॉट डू यू थिंक?’ एवढं विचारलं, की तोंडातून शब्द निघत नाही. नागपाडा, मदनपुरा, भायखळ्याची मुलं असोत की परळ-लालबागच्या चाळीतली, चित्र सारखंच.

मग कुणी मागच्या बाकावर बसायला लागतं. कुणी प्रेझेंटेशनच्या दिवशी दांडी मारतं. कुणी नोकरीच्या इंटरव्ह्यूला नावच देत नाही. काही मुली ‘मला जमत नाही’ म्हणून पहिल्या वर्षातच कॉलेज सोडतात आणि घरचेही ‘बरं, राहू दे’ म्हणतात. मुलीच्या शिक्षणाचा प्रश्न असा एका वाक्यात मिटवला जातो.

महाराष्ट्रात २००० सालापासून सगळ्या माध्यमांच्या शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी शिकवतात. म्हणजे आज कॉलेजात पाऊल टाकणारं मूल बारा वर्षं इंग्रजी शिकलेलं असतं. या बारा वर्षांत त्याने इंग्रजी वाचली, फळ्यावरून उतरवली, पाठ केली, पेपरात लिहिली. स्वतःच्या मनातली गोष्ट इंग्रजीत सांगण्याची वेळ मात्र त्याच्यावर फार थोड्या वेळा आली. पोहण्याचं पुस्तक बारा वर्षं वाचलं आणि पाण्यात उतरलोच नाही, असं हे झालं आहे.

यावर उपाय म्हणून आपण लगेच क्लास शोधतो. दादर स्टेशनच्या बाहेर पडलं की ‘तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी’चे बोर्ड दिसतात. क्लास वाईटच असतात असं नाही. पण आठवड्यातून तीन तास, वर्गात तीस मुलं, त्यात आपल्या मुलाच्या वाट्याला बोलायला किती मिनिटं येतात, याचा हिशेब फी भरण्याआधी करून बघावा. बोलण्याची सवय रोज थोडं थोडं बोलूनच लागते, आणि त्यासाठी लागणारी जागा आपल्या घरातच आहे.

आपल्याकडे ही रीत जुनी आहे

मुंबईच्या मुस्लिम समाजात भाषा कमावण्याचं एक सुंदर उदाहरण आहे. बद्रुद्दीन तय्यबजी हे नाव आपण अंजुमन-ए-इस्लाममुळे ओळखतो. १८७४ साली ही संस्था उभी करणाऱ्यांमध्ये ते होते, पुढे मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले, १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्षही झाले. त्यांचं घराणं मूळचं खंबायतचं, सुलेमानी बोहरा. घरची भाषा गुजराती. एकोणिसाव्या शतकात या घराण्याने ठरवून उर्दू आपलीशी केली.

ती कशी केली, हे आपल्या कामाचं आहे. त्यांच्या घरांमध्ये मोठ्या वह्या ठेवलेल्या असत. त्या वह्यांना ते ‘अखबार’ म्हणत. घरातल्या कुणीही त्यात लिहावं: आज कोण आलं, प्रवासात काय पाहिलं, कोण आजारी आहे, एखाद्या गोष्टीवर आपलं मत काय. बायकाही लिहायच्या, तरुण मुलंही लिहायची आणि बाकीचे ते वाचायचे. बहुतेक लिखाण उर्दूत. ठरवून घेतलेली भाषा रोजच्या गोष्टी लिहून-वाचून त्यांनी घरची केली.

याच घराण्यातल्या अतिया फैजी १९०६ साली शिक्षिकेचं प्रशिक्षण घ्यायला लंडनला गेल्या. कॉलेज इंग्रजी, आजूबाजूला सगळं इंग्रजी. पण तिथली रोजची हकिकत त्या घरी उर्दूत लिहून पाठवत होत्या. ती लाहोरच्या ‘तहजीब-ए-निस्वाँ’ या स्त्रियांच्या पत्रात छापूनही आली. इंग्रजी आली की मुलं उर्दू-मराठी विसरतील, अशी भीती ज्यांना वाटते त्यांनी अतिया फैजींकडे बघावं.

आणखी एक नाव घेतो. पक्ष्यांचा अभ्यास करणारे सलीम अली. लहानपणीच आईवडील गेले आणि मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना गिरगावात खेतवाडीच्या घरात वाढवलं. दहा वर्षांच्या आसपास असताना या मुलाने चिमण्यांच्या घरट्याबद्दल वहीत काही ओळी लिहिल्या: नर कुठे बसला होता, मादी कुठे होती, पुढे काय झालं. विषय किती साधा! पण बघितलेलं तसंच्या तसं, मोजक्या शब्दांत लिहिण्याची सवय पुढे आयुष्यभर टिकली आणि १९४१ साली त्यांचं भारतातल्या पक्ष्यांवरचं इंग्रजी पुस्तक आलं, जे आजही लोक वापरतात.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. विषय आजचा, आपल्या डोळ्यांसमोरचा होता आणि तो आपल्या शब्दांत सांगितलेला होता.

दहा मिनिटांत करायचं काय?

एक वही आणि मोबाईलचं घड्याळ पुरे. आठवड्याला एक विषय घ्यायचा. रोज नवा विषय घेतला तर रोज नवे शब्द शोधावे लागतात आणि मूल चार दिवसांत कंटाळतं. एकच विषय सहा दिवस चालवला तर शब्द तेच राहतात, वाक्यं वाढत जातात.

पहिल्या दिवशी फक्त काय झालं ते सांगायचं. दुसऱ्या दिवशी त्याने कुणाला काय फरक पडला ते. तिसऱ्या दिवशी लोक काय म्हणतात. चौथ्या दिवशी मला काय वाटतं आणि का. पाचव्या दिवशी काय करायला हवं. सहाव्या दिवशी हे सगळं न बघता दोन मिनिटं सलग बोलायचं. रोज पाच मिनिटांत पाच वाक्यं लिहायची, मग वही बंद करून तीच गोष्ट मोठ्याने तीनदा सांगायची. पहिल्यांदा अडखळायला होईल, तिसऱ्यांदा बरंच सुरळीत येईल.

या पाच पायऱ्यांमध्ये इंग्रजीचं निम्मं व्याकरण न शिकवता येऊन जातं. ‘काय झालं’ म्हटलं की भूतकाळ येतो. ‘लोक म्हणतात’मध्ये दुसऱ्याचं बोलणं सांगावं लागतं. ‘मला वाटतं’बरोबर ‘बिकॉज’ येतो. ‘काय करायला हवं’मध्ये ‘शुड’ येतो. नियम आधी आणि बोलणं मग, हा क्रम आपण बारा वर्षं करून बघितला. आता उलटा करून बघू.

विषय कुठून आणायचे? खिडकीतून बाहेर बघा. गिरगावला जमिनीखालून मेट्रो आली, त्याने आजोबांचं दवाखान्याला जाणं सोपं झालं का? परळला केईएम आणि टाटा हॉस्पिटलबाहेर गावाकडून आलेली माणसं फुटपाथवर का झोपतात? लालबागच्या मसाला बाजारात उन्हाळ्यात गर्दी का होते आणि वर्षाचा मसाला करणारी घरं कमी होताहेत का? १९८२ च्या गिरणी संपानंतर दादा-नानांच्या पिढीचं काय झालं आणि त्या गिरण्यांच्या जागी आज काय उभं आहे? आमची इमारत रिडेव्हलपमेंटला गेली तर आम्ही कुठे जाऊ? हे विषय मुलाला माहीत आहेत, त्याबद्दल त्याचं मत आहे, कधी रागही आहे. ज्या गोष्टीबद्दल बोलावंसं वाटतं तिच्यासाठी माणूस शब्द शोधतो. ‘माय फेव्हरिट सीझन’साठी कोण शोधणार?

एक नमुना देतो. २०२३ साली ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली. मुंबईतल्या आपल्या वडीलधाऱ्यांनी मिलादची मिरवणूक दुसऱ्या दिवशी काढायचं ठरवलं. पहिल्या वर्षाच्या मुलाला यावर एवढं नक्की बोलता येईल:

‘ईद-ए-मिलाद अँड अनंत चतुर्दशी केम ऑन द सेम डे. अवर एल्डर्स मूव्ह्ड द प्रोसेशन टू द नेक्स्ट डे. सम पीपल वेअर नॉट हॅपी. आय थिंक इट वॉज राइट, बिकॉज द रोड्स आर नॅरो अँड द पोलीस वेअर बिझी. नेबर्स शुड थिंक ऑफ ईच अदर.’

पाच वाक्यं. एकही अवघड शब्द नाही. पण यात बातमी आहे, लोकांचं म्हणणं आहे, स्वतःचं मत आहे आणि कारण आहे. इंटरव्ह्यू घेणाऱ्याला नेमकं हेच ऐकायचं असतं.

चुका कुठून येतात?

चुका होणारच. त्या बहुतेक आपल्या भाषेतून येतात, अक्कल कमी असल्यामुळे येत नाहीत. मुलाला हे कळलं की त्याची लाज निम्मी होते. नेहमीच्या चार चुका बघू.

पहिली, आपला ‘ला’. आपण म्हणतो, मी दादरला राहतो, दादरला जातो, दादरला उतरतो. तिन्हीकडे ‘ला’. इंग्रजीत तीन वेगळे शब्द लागतात: राहतो ‘इन दादर’, जातो ‘टू दादर’, गाडीतून उतरतो ‘अ‍ॅट दादर’. याचा तक्ता पाठ करण्यापेक्षा रोजच्या लोकलच्या प्रवासावर पाच वाक्यं बोलली की फरक कानात बसतो.

दुसरी, क्रियापद शेवटी येणं. मराठी असो की उर्दू, ‘काल लालबागहून मिरची आणली’ असं आपण बोलतो. कुणी काय केलं ते शेवटी कळतं. इंग्रजीत कोण आणि काय केलं हे पहिल्या दोन-तीन शब्दांतच सांगून टाकावं लागतं: ‘आय बॉट चिलीज’. कुठून आणि कधी ते नंतर. म्हणून बोलताना आधी माणूस आणि काम उच्चारायचं, बाकीचं मागून जोडायचं.

तिसरी, ‘मला’ आणि ‘मुझे’. मला भूक लागली, मला दोन भाऊ आहेत, मुझे बुखार है. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी ‘आय’ पुढे येतो: ‘आय अ‍ॅम हंग्री’, ‘आय हॅव टू ब्रदर्स’, ‘आय हॅव अ फीव्हर’.

चौथी, सगळीकडे ‘इंग’ लावणं. ‘आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स’, ‘आय अ‍ॅम नोइंग हिम’. हॅव, नो, वाँट, लाइक, अंडरस्टँड ही पाच क्रियापदं अशा वाक्यांत ‘इंग’शिवाय वापरायची, एवढं लक्षात ठेवलं तरी बोलणं खूप सुधारतं.

अशा अडचणी फक्त आपल्याच नाहीत. स्पेन आणि मेक्सिकोच्या कॉलेजांतली मुलंही इंग्रजीशी अशीच झटापट करतात. आपल्याकडे स्कूलचं ‘इस्कूल’ होतं, त्यांच्याकडे ‘एस्कूल’ होतं, कारण त्यांच्या भाषेतही शब्दाची सुरुवात अशा जोडाक्षराने होत नाही. स्पॅनिशमध्ये वय सांगताना ‘माझ्याकडे वीस वर्षं आहेत’ असं म्हणतात, म्हणून ती मुलं इंग्रजीत ‘आय हॅव ट्वेंटी इयर्स’ म्हणून जातात. त्यांनाही इलाज तोच आहे: छोट्या विषयावर, थोडं थोडं, रोज.

आणि आपल्या मुलांची एक जमेची बाजू आहे. मुंबईचं मूल आधीच शेकडो इंग्रजी शब्द घेऊन फिरत असतं. प्लॅटफॉर्म, सिग्नल, डिपॉझिट, रिपोर्ट, ऑपरेशन, अ‍ॅडमिशन, बिल्डर, सोसायटी. वस्तूंची नावं त्याला येतात. अडतं ते क्रियापदाशी. म्हणून वहीच्या कडेला रोज फक्त दोन नवी क्रियापदं लिहायची आणि त्या दिवशीच्या वाक्यांत ती वापरायची. महिन्याला पन्नास होतात.

अम्मी-अब्बांना इंग्रजी येत नसेल तर?

हा प्रश्न बऱ्याच घरांत अडतो. पण इथे पालकांनी शिकवायचं नाही, ऐकायचं आहे. मूल दोन मिनिटं इंग्रजीत बोललं, की त्याला म्हणायचं, आता हेच आम्हाला आपल्या भाषेत सांग. जे त्याला उर्दूत किंवा मराठीत नीट सांगता येतं, ते त्याला कळलेलं आहे. मग एकच प्रश्न: ‘असं का?’ त्या ‘का’चं उत्तर उद्याच्या वाक्यांत येईल. आजीने ऐकलं तरी चालेल. नमाजनंतर, जेवणाआधी, रमजानमध्ये इफ्तारनंतर, वेळ घराने ठरवावी, पण रोज तीच ठेवावी.

घरात दोन नियम पाळा. कुणी हसायचं नाही, विशेषतः मोठ्या भावंडांनी. आणि ज्याला इंग्रजी येते त्याने एका दिवशी एकच चूक सांगायची, तीही बोलणं संपल्यावर. मधेच तोडलं की मूल पुन्हा गप्प बसतं, आणि गप्प बसलेल्याला दुरुस्त काय करणार?

मोबाईल मदतीला घ्यावा, पण शेवटी. आधी स्वतः पाच वाक्यं लिहा, मग फोनला विचारा यात काय चुकलं. फोनकडून तयार उत्तर घेऊन पाठ केलं तर ते गाइड पाठ करण्यासारखंच झालं. आवाज रेकॉर्ड करून ठेवला तर मात्र फार फायदा होतो. पहिल्या आठवड्याचं रेकॉर्डिंग तिसऱ्या महिन्यात ऐकवा. मुलाला स्वतःचीच प्रगती ऐकू येईल.

बातमी आधी आपल्या भाषेतच वाचावी. ‘इन्किलाब’ किंवा ‘लोकसत्ता’तली एक बातमी नीट समजून घ्या आणि मग ती इंग्रजीत सांगा. विषय समजलेला असला की डोक्यावर एकच ओझं राहतं, भाषेचं.

चार जण जमले तर आणखी बरं

घरी महिनाभर सवय झाली की आठवड्यातून एकदा इमारतीतली, गल्लीतली चार-पाच मुलं एकत्र बसावीत. मुलींचा गट वेगळा हवा असेल तर वेगळा करा, पण करा. प्रत्येकाने आपला आठवड्याचा विषय दोन मिनिटं मांडायचा आणि बाकीच्यांनी एकेक प्रश्न विचारायचा.

हेही या शहराला नवीन नाही. १८४८ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या विद्यार्थ्यांनी एक सभा सुरू केली. दादाभाई नौरोजी त्यांच्यात होते. तिथे तरुण मुलं निबंध वाचायची आणि त्यावर चर्चा करायची. आपल्या लोकांपर्यंत ज्ञान पोहोचावं म्हणून मराठी आणि गुजराती शाखाही काढल्या होत्या. एका वर्षात, १८४९ मध्ये, याच मंडळींनी मुलींच्या शाळा सुरू केल्या. इंग्रजीतलं बोलणं आपल्या भाषेत आलं आणि त्यातून समाजाचं काम उभं राहिलं.

इंग्रजी परक्यांची, ती कशाला, असं म्हणणारे आजही भेटतात. हजरत झैद बिन साबित (रजि.) यांना पैगंबर (स.) यांनी दुसऱ्या लोकांची भाषा शिकायला सांगितलं आणि त्यांनी ती पंधरा दिवसांच्या आत शिकून घेतली, हे तिर्मिझीत आलेलं आहे. कामासाठी दुसऱ्याची भाषा शिकणं ही आपल्या दीनमध्ये कमीपणाची गोष्ट कधीच नव्हती.

आणि रोजच्या सरावाची ताकद आपल्या समाजाला सांगायची गरज नाही. हिफ्ज करणारं मूल कसं शिकतं? रोज नवा सबक, मग अलीकडच्या दिवसांची सबकी आणि जुन्याची मंझिल. एक दिवसही सुटत नाही. आठ-दहा वर्षांची पोरं या रीतीने पूर्ण कुरआन शरीफ सीन्यात साठवतात. ती मेहनत आणि ते पावित्र्य वेगळं, त्याची बरोबरी कशाशीच नाही. पण रीत आपल्या डोळ्यांसमोर आहे: थोडं नवीन, थोडं कालचं, थोडं जुनं, आणि ऐकणारं कुणीतरी.

येत्या सोमवारी एक वही आणा. पहिल्या पानावर मुलाला किंवा मुलीला स्वतःच विषय निवडू द्या. पाच वाक्यं चुकीची आली तरी ती पूर्ण ऐका. तीन महिन्यांनी कॉलेजात कुणी ‘व्हॉट डू यू थिंक?’ विचारलं, तर इन्शाअल्लाह आपलं मूल निदान ‘आय थिंक’ म्हणून उभं राहील.